दांडी सुटलेलं पाखरू

नमस्कार श्रोतेहो.

मुलगी पहिलीत असताना हौसेनं आणलेला कॉकेटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, ती नोकरीला लागते तेव्हाही घरात असतो. नीट सांभाळला तर हा पक्षी १५ ते २० वर्षं जगतो. बजरीगर हा त्याहून लहान चणीचा पोपट, त्याचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षांचं. म्हणजे त्यांचं म्हातारपण आपल्या डोळ्यांसमोर येतं, आणि पुष्कळदा ते आधी पायांत दिसतं. वरच्या दांडीवर झेपावताना नेम चुकतो. गजांत चोच अडकवून, अंग ओढत चढावं लागतं. रात्री धपकन पडल्याचा आवाज येतो. मग एक दिवस पक्षी पिंजऱ्याच्या तळाशीच बसून राहतो आणि घरातली माणसं म्हणतात, "वय झालं आता त्याचं."

या वाक्यावर थांबू नका, हे सांगायला मी आज आले आहे. पाय कशानं गेला ते आधी शोधायला हवं, कारण त्यातली काही दुखणी बरी होतात आणि बाकीची बरीच सुसह्य करता येतात.

तळव्यापासून सुरुवात करा. गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांडीवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की भार तळव्याच्या त्याच त्या जागेवर येतो. कातडी लाल आणि तुकतुकीत होते, मग घट्टा पडतो, घट्ट्याची जखम होते आणि तिच्यात जंतू शिरतात. डॉक्टर याला बंबलफूट म्हणतात. फक्त सूर्यफुलाच्या बिया खाऊन जड झालेल्या पक्ष्याला याचा धोका जास्त. त्या बियांत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व फार कमी, त्यामुळे कातडीही कमजोर होते.

बोटांच्या सांध्यांवर पांढरट गाठी दिसल्या तर गाऊटची शंका घ्यावी. शिटेतला पांढरा भाग म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकलेलं यूरिक आम्ल. मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साठतं आणि सांध्यांत त्याचे कण बसतात. हे दुखणं फार वाईट. पक्षी कधी हा पाय उचलतो, कधी तो, आणि कुठेच टेकवत नाही.

बजरीगर एकाच पायानं लंगडायला लागला, की घरचे समजतात पाय मुरगळला. पण पक्ष्यांच्या शरीरात पायाकडे जाणारा मज्जातंतू मूत्रपिंडातून जातो. बजरीगरांना मूत्रपिंडाच्या गाठी होतात, ती गाठ मज्जातंतूवर दाबते आणि पायातली ताकद जाते. लंगडतो पाय, दुखणं पोटात! म्हणून नुसता पाय चोळून उपयोग नाही, डॉक्टरांनी पोट तपासायला हवं, गरज असेल तर एक्स-रे काढायला हवा.

आणि एक कळकळीची विनंती. पाय दुखतोय म्हणून आपली गोळी कुस्करून पक्ष्याला देऊ नका. आपल्या देशातली गिधाडं कशी संपत आली ते आठवा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं मेल्यावर त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि हेच यूरिक आम्ल त्यांच्या अवयवांवर साचलं. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडांना मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक सुरक्षित ठरलं, आणि पाळीव पक्ष्यांनाही डॉक्टर ते देतात, पण वजन बघून, मूत्रपिंडांचा अंदाज घेऊन. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा. मुंबईत असाल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

आता पिंजरा. उंचावर पक्ष्याला सुरक्षित वाटतं, म्हणून पिंजरा जमिनीवर आणू नका. तो टेबलावरच राहू दे, आतल्या दांड्या मात्र खाली आणा. आमच्याकडची कॉकेटील मादी आता रात्री रुंद फळीवर पोट टेकून झोपते, आणि मला वाटतं अशी एक सपाट फळी प्रत्येक थकलेल्या पक्ष्याला मिळायलाच हवी. बाकी दांड्यांच्या जागी पेरूच्या फांद्या लावा, औषध न फवारलेल्या, धुऊन वाळवलेल्या, कुठे जाड कुठे बारीक. पायाची पकड रोज बदलत राहते. दुकानात दांडीवर चढवायला सँडपेपरची नळी मिळते, ती घेऊ नका, तळवे सोलवटतात. तळाची जाळी काढून जुन्या सुती चादरीची घडी घाला, वर कागद. टर्किश टॉवेलच्या धाग्यांत नख अडकतं. दाणा-पाणी उथळ वाट्यांत, दोन-तीन ठिकाणी, फळीवरून मान वळवली की चोचीला लागेल असं. हे बदल थोडे थोडे करा. नजर मंदावलेला पक्षी जागा आठवणीनं ओळखतो.

वाटी भरलेली दिसली म्हणून पक्षी जेवला नाही असं समजू नका, आणि जेवला असंही समजू नका. तो दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो. फुंकर मारून बघा, खाली किती दाणे उरलेत ते कळेल. खरं सांगतो तो स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. कॉकेटील साधारण ८० ते १०० ग्रॅम, बजरीगर ३० ते ४० ग्रॅम. रोज सकाळी, खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. दहावा हिस्सा कमी झाला की डॉक्टरांकडे न्या. पक्षी आजार लपवतात, पिसांआड हाडं दिसत नाहीत.

शेपटीखालची पिसं चिकटली तर कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका. हे करताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो. मुठीत दाबून धरलेला पक्षी गुदमरतो.

थंडीत पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, बल्ब लावतात. चांगलं आहे. पण धडधाकट पक्षी तापलं की दुसरीकडे सरकतो, पायानं अधू पक्ष्याला सरकता येत नाही. तेव्हा तो बसतो तिथे हात धरून ऊब पाहत राहा. कॉकेटील अंधारात दचकून फडफडतात, त्यांच्यासाठी खोलीत झिरोचा दिवा ठेवा.

काही घरांत वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला आपला देशी पोपट असतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. पण म्हातारपणी पुण्य म्हणून त्याला देवळाच्या आवारात सोडून देऊ नका. ज्याला दांडी धरता येत नाही, त्याला कावळे आणि मांजरं किती वेळ जगू देतील? वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे बोला.

शेवटचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो: कुठवर? उडता येत नाही, चढता येत नाही, तरी हाक मारली की मान तिरकी करतो, पिसं सारखी करतो, कोथिंबिरीची काडी ओढून घेतो, तोवर तो जगतोय आणि त्याला जगायचंय. खाणं सुटलं, अंग फुलवून दिवसभर डोळे मिटून बसायला लागला, औषधानंही वेदना थांबेनात, तर डॉक्टरांशी शांत मरणाबद्दल मोकळेपणी बोला. घरातल्या मुलांनाही त्या बोलण्यात घ्या, त्यांनी त्याच्यासोबत वर्षं काढलेली असतात.

नमस्कार.