ठोकून गुळगुळीत : प्लॅनिश

तांब्याच्या वाटीला आकार आलाय, पण हात फिरवला की उंचसखल लागतं. ही वाटी कानशीनं घासायची नाही. ती हातोड्यानंच गुळगुळीत होईल. इंग्रजीत या कामासाठी वेगळं क्रियापद आहे : प्लॅनिश. मूळ लॅटिन 'प्लानुस', म्हणजे सपाट. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. घासलं की धातू झिजतो. इथे तो फक्त दाबला जातो, वजन तेवढंच राहतं.

आधी वाटी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची. तांबं त्यानं मऊ पडतं. मग काजळी आणि पापुद्रा साफ करायचा, नाहीतर तोच कचरा ठोक्यानं आत रुतेल. हातोड्याचं तोंड आरशासारखं हवं, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा तांब्यावर उमटतो. त्याच्या कडाही गोल केलेल्या हव्यात. धारदार राहिल्या तर चंद्रकोरीसारखे काप पडतात.

आता कान द्या. वाटी खालच्या ऐरणीला टेकलेली असेल तर ठोका खणखणीत वाजतो. पोकळ आवाज आला की थांबायचं. तिथं मारलं तर खड्डा पडेल. मधोमध सुरुवात करून गोल फेऱ्यांनी काठाकडे जायचं, प्रत्येक ठोका आधीच्यावर निम्मा चढवत. हलका हात हवा. जोर वाढला की पत्रा पातळ होऊन पसरतो आणि लाटा उठतात. ठोक्यांनी तांबं कडक होतं, म्हणून हे काम शेवटी. नंतर पुन्हा तापवलं तर तो कडकपणा जातो.

युरोपातल्या तांबटांनी याच रीतीनं खोदचित्रांचे, म्हणजे रेघा कोरून चित्र छापायचे, पत्रे तयार केले. खोदताना चूक झाली, की ती रेघ खरवडायची, मागून ठोकून खळगा वर आणायचा आणि ती जागा पुन्हा सपाट करायची. रशियात लोखंडी पत्र्यांच्या थप्पीत कोळशाची पूड घालून ती थप्पी तापवून ठोकत. त्यावर निळसर, चकचकीत, सहज न गंजणारी कातडी येई. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे इंजिनांच्या बॉयलरवर हाच पत्रा मढवलेला असे.

पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम याच जातीचं. फरक एवढाच, की तिथे ठोके मिटवत नाहीत, ओळीनं झळकवतात. हे डोळ्यांना जास्त अवघड काम आहे, कारण एक ठोका चुकला तरी लपत नाही.

मोटारीच्या पत्र्यासाठी आज हवेवर चालणारा हातोडा आहे. त्यात खालच्या साच्याचा, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या ठोकळ्याचा, बाक पत्र्यापेक्षा किंचित जास्त घ्यावा. कमी घेतला तर साच्याची कड पत्र्यावर उमटते.