वरचं गाव, खालचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

३१ ऑगस्ट २०२१ची पहाट चाळीसगावकर विसरलेले नाहीत. रात्रभर पाऊस कोसळला तो पाटणादेवीच्या डोंगरात आणि कन्नड घाटाच्या माथ्यावर. घाटात दरडी आल्या, रस्ता बंद झाला, आणि खाली तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. दुकानांत गाळ भरला, नदीकाठची घरं पाण्यात गेली, कितीतरी जनावरं वाहून गेली. ‘नदीले पूर उना’ अशी आरोळी ऐकू आली तेव्हा पाणी उंबऱ्याशी पोहोचलेलं होतं.

आता या डोंगराची गोष्ट बघा. घाटाचा माथा कन्नड तालुक्यात, म्हणजे संभाजीनगर जिल्ह्यात. पायथा चाळीसगाव तालुक्यात, म्हणजे जळगाव जिल्ह्यात. जिल्हाधिकारी दोन, महसूल विभागही दोन. नदी मात्र एकच. मोठ्या धरणाचे दरवाजे उघडायचे असले की पाटबंधारे खातं नदीकाठच्या गावांना इशारा देतं, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल यांच्यामार्फत निरोप फिरतो. डोंगरातून थेट उतरणाऱ्या नदीनाल्यांचं काय? वर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर वरच्या ग्रामपंचायतीनं खालच्या नगरपालिकेत कुणाला, कोणत्या नंबरवर कळवायचं, हे कागदावर ठरलेलं असायला हवं. रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एक फोन, एवढ्यानंसुद्धा जनावरं सोडायला आणि म्हातारीकोतारी माणसं हलवायला वेळ मिळतो.

आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे. हवामान बदलतंय हे आता शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. महिनाभर उघडीप आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, हे आपण भोगतोय. त्याला तोंड द्यायचं काम मात्र आपण गावागावांत वाटून टाकलं आहे. प्रत्येक गाव आपल्या शिवारापुरतं बघतं आणि शिवेवर येऊन थांबतं. माझं म्हणणं असं, की हे काम नदीच्या हिशोबानं व्हायला हवं. एका नदीकाठच्या ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी एकत्र बसून.

असं एकत्र बसणं आपल्या खानदेशाला नवं नाही. पांझरेच्या काठी, तिकडे मोसमच्या काठी, फड पद्धती तीन-चारशे वर्षं चालत आली आहे. साक्री तालुक्यातल्या श्रोत्यांना मी काय सांगावं! नदीवर दगडचुन्याचा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. उसाचा फड ठरला की तिथं सगळ्यांचा ऊस, रब्बीचा ठरला की सगळ्यांचा गहू-हरभरा. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि दोघांची मजुरी शेतकरी मिळून देणार. पाट साफ करायच्या दिवशी घरटी माणूस हजर पाहिजे.

या व्यवस्थेतला खरा शहाणपणा कुठं आहे तो बघा. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, थोडी या फडात, थोडी त्या फडात असते. नदीला पाणी कमी असलं की पंच ठरवतात, यंदा अमुक फड भिजवायचा, तमुक कोरडा ठेवायचा. कोरड्या फडात सगळ्यांचीच थोडी थोडी जमीन असते, म्हणून तोटाही सगळ्यांचाच थोडा थोडा होतो. एकाचं शेत हिरवं आणि शेजाऱ्याचं करपलेलं, असं होत नाही. तूट वाटून घ्यायची ही रीत आपल्या पूर्वजांनी एका बंधाऱ्यापुरती बसवली. आज ती अख्ख्या नदीवर बसवायची गरज आहे, आणि ते काम एकट्या पंचांच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी आपण निवडून दिलेल्या संस्थांनीच पुढं यायला हवं.

पाणी फक्त जमिनीवरूनच वाहतं असंही नाही. रावेर, यावल, चोपडा हा आपला केळीचा पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, भरड वाळूचा थर आहे, जाणकार त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेलं पाणी तिथं जमिनीत मुरतं आणि तापीच्या दिशेनं सरकत जातं. म्हणजे मुरतं एका गावात आणि उपसा होतो दुसऱ्या गावात. पायथ्याच्या गावानं नाले अडवले तर खालच्या गावांच्या ट्यूबवेलना आधार मिळतो. पायथ्याच्या गावाला मात्र त्यात स्वतःचा फायदा तेवढा दिसत नाही, मग ते खर्च कशाला करेल? आणि खालच्या गावात बागायतदार दरवर्षी बोअर आणखी खोल नेतात, मोटारीचं बिल वाढत जातं, तरी वरच्या नाल्यासाठी पैसा द्यावा असं कुणाच्या मनात येत नाही. ही गाठ सुटायची तर दोन्ही गावांनी एका टेबलाशी बसायलाच हवं. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये भोपाळला करार झाला. दोन राज्यं बसू शकतात. मग शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना काय अवघड आहे?

शिरपूर तालुक्याचं उदाहरण तर घरचंच आहे. तिथं २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाल्यांचं रुंदीकरण-खोलीकरण झालं, एकाखाली एक सिमेंट बंधारे झाले. खोली किती असावी यावर जाणकारांमध्ये मतभेद आहेत, आणि ते ऐकून घ्यायलाच हवेत. पण माझ्या मते तिथला मोठा धडा असा, की नाला सलग धरला गेला. मधल्या एका गावानं काम सोडलं तर वरच्या-खालच्या दोघांचंही बिघडतं.

उन्हाचंही तेच. भुसावळ, जळगावचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, आणि आपल्याकडे तो आकडा नवलाचा राहिलेला नाही. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, देशात तो पहिला. आपल्याकडे मात्र एक वेगळी अडचण आहे. जळगावच्या एमआयडीसीत किंवा बाजार समितीत राबणारा मजूर राहतो आसपासच्या खेड्यात. सकाळी शहरात येतो, दुपारी उन्हात सायकलवर परत निघतो. शहरानं पाणपोया लावल्या, कामाच्या वेळा बदलल्या, तरी रस्त्यात त्याला भोवळ आली तर तो कुणाच्या हद्दीत पडतो? महापालिकेच्या की ग्रामपंचायतीच्या? आराखडा दोघांचा मिळून असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

कायदा आडवा येत नाही, हेही सांगून ठेवतो. आपल्या राज्यघटनेत कलम २४३ झेडडी आहे, जिल्हा नियोजन समितीचं. पंचायती आणि नगरपालिका यांच्या सामायिक हिताच्या बाबी, त्यातही पाण्याची वाटणी, पर्यावरणाचं रक्षण, या लक्षात घेऊन जिल्ह्याची योजना करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण मात्र नियोजनाची बैठक म्हणजे रस्त्यांची आणि सभामंडपांची यादी एवढंच समजून बसलो. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता, तो पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच. गावागावांनी तो आपापला खर्च केला. यापुढं अशा पाण्याच्या पैशातून एका नाल्यावरच्या पाच गावांनी मिळून एक आराखडा केला तर तेवढ्याच रुपयांत वेगळं काम उभं राहील.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखलं, चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, आपल्या सगळ्यांची मान उंचावली. डोंगरावर झाडी टिकली तर पाणी दमानं उतरतं, माती जागेवर राहते, आणि त्याचा लाभ खालच्या कितीतरी गावांना होतो. मग डोंगरावरच्या पाड्यांना त्यासाठी खालच्या गावांनी, शहरांनी काहीतरी द्यायला नको का? रोपवाटिकेचा खर्च उचलता येईल, राखणदाराची मजुरी देता येईल. मला हे उपकाराचं नाही, हिशोबाचं वाटतं.

आणि आपणही कुणाच्या तरी वर आहोतच. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बंधारे ओलांडून तापी गुजरातेत उकाई धरणात जाते, तिथून सुरतेत. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत पाण्याखाली गेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी पूर्वसूचनेची जी व्यवस्था बसवली ती वरच्या खोऱ्यातल्या पावसावर नजर ठेवते, म्हणजे आपल्या पावसावर. सुरतेला आपला पाऊस कळतो, आणि चाळीसगावला घाटावरचा कळत नाही, हे मनाला लागतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या ग्रामसभेत हात वर करा आणि तीन गोष्टी मागा. आपल्या नदीवर किंवा नाल्यावर वरची गावं कोणती, खालची कोणती, याची यादी भिंतीवर लागली पाहिजे. प्रत्येक गावात पर्जन्यमापक आणि तो वाचणारा एक माणूस, त्याचा नंबर खालच्या गावाकडे आणि खालच्याचा त्याच्याकडे. आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात या सगळ्या गावांची, शहर असेल तर शहराचीही, एक संयुक्त बैठक, इतिवृत्तासह. सरपंच म्हणतील वरून आदेश नाही. त्यांना सांगा, शेजारच्या सरपंचाला चहाला बोलवायला आदेश लागत नाही. ठराव मांडा, सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घ्या, आणि त्याची नक्कल पंचायत समितीला आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवा.

नमस्कार.