उसगाळीमळचा काळोख

(दृश्य : रात्रीची मांडवी)

पणजी. रात्रीचे नऊ. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांचे दिवे पाण्यात लांबच लांब ओघळलेत. देखणं आहे, नाही कोण म्हणतंय? पण मान वर करून बघा. ढग नाहीत, चंद्र नाही, तरी तारे बोटांवर मोजावेत एवढेच.

(दृश्य : कातळावर विजेरीचा उजेड)

हे उसगाळीमळ. रिवणजवळ, कुशावतीच्या काठी. जांभ्याच्या या कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल, हरणं, नाचणारी बाई कोरून ठेवली. 1993 साली ती उजेडात आली. भर दुपारी आलात तर यातली निम्मी चित्रं नजरेतून निसटतील. रात्री विजेरी जमिनीलगत आडवी धरली की एकेका रेषेत सावली भरते. हे पाहा, वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं, कोण सांगणार!

आता विजेरी बंद.

काळोखाला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आम्ही ती कापलीत. तुम्ही इथे आलात तर कापू नका.

(दृश्य : डिसेंबरचं आकाश)

ही तांबूस रोहिणी, 65 प्रकाशवर्षांवर. म्हणजे आपण पाहतोय तो उजेड साधारण गोवा मुक्त झाला त्या सुमारास तिथून निघालेला. शेजारी कृत्तिकांचा पुंजका, सुमारे 440 प्रकाशवर्षं लांब. त्यांचा हा उजेड वाटेला लागला त्याच काळात, 1583 मध्ये, इथून जवळच कुंकळ्ळीचे गावकार पोर्तुगीजांविरुद्ध उठले होते.

आणि तो धुरकट डाग दिसतोय? देवयानी दीर्घिका. 25 लाख प्रकाशवर्षं. तिचा उजेड निघाला तेव्हा आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर जन्मलाच नव्हता. कातळ कोरणाऱ्यानं वर पाहिलं असेल, तेव्हाही बहुतेक सगळी वाट सरली होती. त्याच्यापासून आपल्यापर्यंतचा काळ म्हणजे तिची शेवटची काही पावलं. त्या एका डागात अब्जावधी सूर्य, आणि असे डागही अब्जावधी. त्यात आपला एक सूर्य, त्याची एक पृथ्वी, तिच्यावर 3,702 चौरस किलोमीटरचा गोवा.





(दृश्य : गाडीच्या काचेतून)

परतताना कृत्तिका मोजत आलो. रिवणला सहा. केपेला चार. मडगावात नुसता पांढुरका ठिपका. झुआरीच्या पुलावर गाडी थांबवता आली नाही. पणजीत उतरलो, तिथेच शोधत उभे राहिलो.