फोटोतला लाल रंग आकाशातच असतो

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'स्टार ट्रॅकर वापरून तेजोमेघांचं छायाचित्रण' असा छापलाय (स्टार ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, तेजोमेघ म्हणजे अंतराळातले वायू आणि धुळीचे ढग), आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट मोकळेपणानं मांडू द्या. तुमच्यापैकी ज्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घरी किंवा ऑफिसात कुणाला दाखवलाय, त्यांनी हात वर करा. छान. आता ज्यांना "हे रंग खरे की फोटोशॉप?" असं कुणीच विचारलं नाही, त्यांनी हात खाली घ्या. बघा, सगळे हात वरच आहेत!

माझं म्हणणं सरळ आहे. तो लाल रंग आकाशात असतो. तो आपल्याला दिसत नाही, हा आपल्या डोळ्याचा प्रश्न आहे, फोटोचा नाही. गेली काही वर्षं मी हेच भेटेल त्याला सांगत आलोय.

झालं असं की, एका छायाचित्र स्पर्धेत निसर्ग विभागासाठी मी एकशृंगी तारकासमूहातल्या रोझेट तेजोमेघाचा फोटो पाठवला होता. मुरबाडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतघराच्या अंगणात काढलेला. फोटो परत आला आणि मागे पेन्सिलीनं शेरा होता: 'रंग कृत्रिम. डिजिटल आर्ट विभागात पाठवावा.' मला ते फार लागलं. बक्षीस न मिळाल्याचं दुःख नव्हतं, पण 'कृत्रिम' हा शब्द मी पचवू शकलो नाही. मी परीक्षकांना भेटायला गेलो. माणूस सज्जन, चहा वगैरे दिला. म्हणाले, "अहो, मी वांगणीला आकाशदर्शनाला जाऊन आलोय. दुर्बिणीतून तेजोमेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तो करडा असतो, फार तर किंचित हिरवट. हा एवढा लालभडक तुम्ही आणलात कुठून?"

त्यांनी जे पाहिलं ते शंभर टक्के बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता. त्याच विभागात पहिलं बक्षीस एका धबधब्याच्या फोटोला होतं, काही सेकंदांचं एक्स्पोजर देऊन पाण्याचं धुकं केलेला. तसा धबधबा कुठल्याही माणसाच्या डोळ्याला कधी दिसलेला नाही. तरी तो निसर्ग, आणि माझा हायड्रोजन मात्र कृत्रिम!

आता डोळ्याचं बघू. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना रंगच कळत नाही. या दंडपेशी ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि ६५० च्या पुढे जवळजवळ आंधळ्या असतात. तेजोमेघातल्या हायड्रोजनची ठळक लाल रेषा, म्हणजे त्याचा ठरलेला रंग, येते ६५६.३ नॅनोमीटरवर. तेजोमेघातल्या ऑक्सिजनची रेषा येते ५००.७ वर. म्हणजे ऑक्सिजन दंडपेशींच्या अगदी आवडीच्या जागी आणि हायड्रोजन त्यांच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे दुर्बिणीच्या आयपीसवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, डोळा लावला की हिरवट करडं दिसतं. लाल प्रकाश तिथे असतोच, आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतोही, फक्त त्याची नोंद होत नाही.

आणि कॅमेरा लाल रंग वाढवतो म्हणावं, तर तेही नाही. दुकानात मिळणाऱ्या साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढे एक फिल्टर बसवलेला असतो. तो माणसांच्या चेहऱ्यांचे रंग नीट यावेत म्हणून अवरक्त प्रकाश अडवतो, पण त्याबरोबर ६५६ चा लालही बहुतेक खाऊन टाकतो. जेमतेम चौथा हिस्सा आत जातो. म्हणून तर कॅननला ६०डीए आणि निकॉनला डी८१०ए असे आकाशासाठीचे वेगळे कॅमेरे काढावे लागले. तेव्हा तुमच्या साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत जो लाल दिसतो, तो खऱ्यापेक्षा कमीच असतो.

हे सगळं मी परीक्षकांना सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण पटलेलं नव्हतं. मग मी घरी येऊन एक प्रयोग केला, आणि तुम्ही सगळ्यांनी तो करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मिलिमीटरला १०० रेघा असलेली एक डिफ्रॅक्शन ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करणारी चकती, लेन्सच्या पुढे लावायची. कॅमेरा ट्रॅकरवर ठेवायचा आणि मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, एम ४२ कडे, म्हणजे मृगातल्या त्याच तेजोमेघाकडे, वळवायचा. मग फोटोत काय येतं बघा. प्रत्येक ताऱ्याची लांब पट्टी होते, जांभळ्यापासून लालपर्यंत सलग, कुठेही न तुटता. पण तेजोमेघाची पट्टी होत नाही! त्याचे सुटे ठिपके पडतात. एक निळसर हिरवा, मग रिकामी जागा, मग एक लाल. मधे पिवळा नाही, नारिंगी नाही, काही नाही. मी रंग रंगवला असता, तर ताऱ्यांची पट्टी सलग राहिली असती आणि तेजोमेघाचीच तेवढी तुटली असती का? हा फोटो मी त्यांना नेऊन दाखवला. ते बराच वेळ बघत होते. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेच्या नियमांत खगोलछायाचित्रणाचा वेगळा विभाग आला.

असे सुटे रंग का येतात, तर विरळ तापलेल्या वायूचा प्रत्येक अणू आपापल्या ठरलेल्या रंगाचाच प्रकाश देतो. आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते ना? तो मिठातला सोडियम. तेजोमेघात तेच काम हायड्रोजन करतो, लाल रंगात.

आणि हे पहिल्यांदा कुणी पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विल्यम हगिन्स, लंडनजवळ स्वतःच्या घरच्या वेधशाळेत काम करणारा माणूस. २९ ऑगस्ट १८६४ ला त्यानं कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे, आजच्या भाषेत एनजीसी ६५४३ कडे, वर्णपटदर्शक लावला. तोवर वाद असा होता की, सगळे तेजोमेघ म्हणजे लांबचे तारकागुच्छच, मोठी दुर्बीण आली की तारे सुटे दिसतील. हगिन्सला सलग पट्टी दिसलीच नाही, सुट्या रेषा दिसल्या. म्हणजे तारे नव्हेत, वायू! त्यातल्या हिरव्या रेषा मात्र प्रयोगशाळेत कुणालाच सापडेनात. मग 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. ते कोडं सुटायला १९२७ साल उजाडलं. आयरा बोवेननं दाखवलं की तो आपला ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. एवढ्या विरळ जागेत अणूंची एकमेकांशी टक्कर इतकी क्वचित होते की त्यांना तो प्रकाश सोडायला निवांत वेळ मिळतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी पोकळी करणं जमत नव्हतं. तुमच्या फोटोतला तो मोरपिशी रंग म्हणजे ही सगळी कथा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हबल दुर्बिणीचे 'सृष्टीचे स्तंभ' आपण सगळ्यांनी पाहिलेत, १९९५ चे, एम १६ मधले. त्यातले रंग नेमून दिलेले आहेत. गंधक आणि हायड्रोजन दोघंही मुळात लालच, ते वेगळे ओळखू यावेत म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिला. त्यात गैर काही नाही, तो नकाशा आहे. पण तुम्ही तसं केलंत तर फोटोखाली स्पष्ट लिहा. न लिहिता टाकता, आणि मग साध्या, सरळ फोटो काढणाऱ्यांवर संशय येतो. हे मला अजिबात मान्य नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. तर आता ट्रॅकर.

पहिलं, दुर्बीण विकत घेऊ नका. तेजोमेघ अंधूक असतात, पण लहान नसतात. ययातीमधला कॅलिफोर्निया तेजोमेघ अडीच अंश लांब आहे, म्हणजे पाच पूर्णचंद्र ओळीनं. एपीएस-सी (म्हणजे साध्या डीएसएलआरमध्ये असतो तेवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स लावली की जवळजवळ साडेसहा अंशांचा पट्टा मिळतो. मृगाचा बाण, त्याच्या टोकाच्या ताऱ्याखालचा अश्वमुख मेघ आणि एम ४२, हे सगळं एका चौकटीत बसतं. तो अश्वमुख विल्यमिना फ्लेमिंगनं १८८८ मध्ये हार्वर्डच्या फोटोप्लेटवर ओळखला. तोही फोटोतच सापडला, बरं का.

अडचण एकच, आकाश फिरतं. २०० च्या लेन्सवर एका सेकंदात तारा तीन-चार पिक्सेल सरकतो. ट्रॅकर कॅमेऱ्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीनं उलट फिरवतो आणि तारे जागेवर राहतात. त्यासाठी त्याचा आस ध्रुवाकडे नीट रोखायला हवा. मुंबईचा अक्षांश १९, म्हणून वेजवर, म्हणजे ट्रॅकरखालच्या तिरक्या आधारावर, १९ अंश लावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून चंद्राच्या व्यासापेक्षा थोडा जास्तच दूर आहे, म्हणून ट्रॅकरमधल्या छोट्या ध्रुवदुर्बिणीतल्या वर्तुळावर तो नेमका कुठे बसवायचा ते मोबाइलच्या अ‍ॅपवर बघा. आपल्याकडे ती दुर्बीण जवळजवळ आडवी राहते, मान मोडत नाही, हा फायदा. तोटा असा की १९ अंशांवर धुरकट थर असतो आणि समोर टॉवर. ध्रुव दिसतच नसेल तर होकायंत्र वापरा. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. फक्त गच्चीवरच्या लोखंडी टाकीपासून आणि सळ्यांपासून लांब उभं राहून दिशा घ्या, आणि एक्स्पोजर ३० सेकंदांच्या वर नेऊ नका.

दुसरं, शहराचा उजेड. पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा तो उजेड मुख्यतः ५८९ च्या आसपास असे, फिल्टरनं कापता यायचा. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी आले तेव्हा राणीच्या हारावरून किती चर्चा झाली, आठवत असेल. आमचं दुःख वेगळं होतं. पांढरा एलईडी सगळ्या वर्णपटावर पसरतो, त्यामुळे ते जुने फिल्टर निकामी झाले. त्यावर उपाय म्हणजे दुहेरी अरुंद पट्ट्याचा फिल्टर, जो फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा आत सोडतो. तो लावून सोसायटीच्या गच्चीवरून, अगदी चांदण्यातही, एम ४२ आणि रोझेट निघतात. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ मात्र त्यातून येणार नाही. ती ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, तिला स्वतःची रेषा नाही. तिच्यासाठी मुरबाड किंवा माळशेजच गाठायला हवं.

तिसरं, भरपूर फोटो. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये, आयएसओ ८०० किंवा १६००, फिल्टरशिवाय ३० ते ६० सेकंद, फिल्टर असेल आणि ध्रुव नीट साधला असेल तर दोन-तीन मिनिटं. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डावीकडून साधारण एक तृतीयांशावर यावा. फोटो एकावर एक रचले की गोंगाट, म्हणजे फोटोतले दाणे, फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत उतरतो. १०० फोटो म्हणजे दहापट स्वच्छ. रचण्यासाठी सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. निघण्याआधी लेन्सचं झाकण लावून, तेवढ्याच एक्स्पोजरचे डार्क (सेन्सरचा गोंगाट वजा करायला काळे फोटो) घ्या, आणि लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या उजेडात फ्लॅट (कडांचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला कोरे फोटो) घ्या, फोकस न हलवता. डिसेंबरात मुरबाडकडे मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं, तेव्हा हीटरचा पट्टा आणि पॉवर बँक विसरू नका.

धनू राशीतल्या लगून तेजोमेघाबद्दल राहिलंच. लंडनकरांना तो क्षितिजावर जेमतेम १४ अंश मिळतो, आपल्याला ४७. पण तो मध्यरात्री सगळ्यात उंच येतो जूनअखेरीस, ऐन पावसात. म्हणून तो एप्रिल-मे मध्ये पहाटे गाठायचा.

हॉल रिकामा करायचाय. ट्रॅकर पुढच्या टेबलावर ठेवलाय, वेज १९ अंशांवर लावलेलं आहे. ग्रेटिंगही सोबत आहे. ज्यांनी कॅमेरा आणलाय त्यांनी ती लेन्सला लावून बाहेरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा एक फोटो काढून बघा.