नदी कशी निवडायची: भीमेच्या पाण्यावरून टेस्लिनचा विचार

[दृश्य: हत्तरसंग कुडल. सीना-भीमेचा संगम. काठाला लावलेल्या दोन कॅनू.]

सोलापूरहून निघालं की तासाभरात आपण इथं पोचतो. सीना इथं भीमेला मिळते. याच पाण्यावर वल्हं मारायला शिकलेल्या आमच्या गटाला आता लांबच्या सफरीला जायचंय. दिवसचे दिवस नावेतून जायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा, आणि आसपास ना गाव, ना रस्ता. अशी नदी कोणती घ्यावी? फोटो बघून तर नक्कीच ठरवू नये. आधी पाणी बघावं, आणि अडचण आली तर बाहेर पडायची वाट कुठं आहे ते बघावं.

पाणी बघायचं म्हणजे काय, हे भीमेनंच शिकवलं. नकाशावर ही नदी 861 किलोमीटर लांब दिसते, भीमाशंकरापासून रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळेपर्यंत. पण 1980 मध्ये उजनी धरण झालं, तेव्हापासून पावसाळा सोडला तर खालची भीमा वाहते ती सोडलेल्या पाण्यावर. सोलापूरच्या पिण्यासाठी आवर्तन सुटलं की ते पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत यायला कित्येक दिवस लागतात. आवर्तन थांबलं की उरतात डोह, वाळू आणि उपशानं पडलेले खड्डे. म्हणून कुठल्याही नदीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा, की हिला पाणी कुठून येतं? पावसाचं, बर्फाचं, की धरणाच्या दरवाज्यातून? सफरीची तारीख त्यावरून ठरते.

[दृश्य: कोल्हापुरी बंधारा. पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, घातलेले. सांडव्यावरून पडणारं पाणी जवळून.]

हे दृश्य नीट बघा. बरग्यांवरून पाणी खाली पडतं आणि पायथ्याशी उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं. वरून ते शांत दिसतं. पण त्यात सापडलेला माणूस तिथल्या तिथे फिरत राहतो, लाइफ जॅकेट असलं तरी. इथं एकच नियम: बंधारा दिसला की बऱ्याच अलीकडे काठ धरायचा, सामान उतरवायचं, नाव खांद्यावर घ्यायची आणि चिखल तुडवत वळसा घालायचा. भीमेवर असे बंधारे एकामागून एक येतात. निर्जन नदीवर बंधारे नसतात, पण धबधबे आणि खळाळ असतात. वळसे किती आणि केवढे, हे आधी कळलं नाही तर रोजचा पल्ला कागदावरच राहतो.

आता वारा. मे 2024 मध्ये उजनीच्या फुगवट्यावर कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जीव गेले. पाणी पसरलं की वाऱ्याला मोकळं रान मिळतं. ही आठवण मनात ठेवूनच आम्ही कॅनडातल्या युकॉन नदीचा नकाशा उघडला.

कॅनडातल्याच नहानी नदीचं नाव गटात सगळ्यांच्या तोंडी होतं. व्हर्जिनिया धबधबा नव्वद मीटरहून उंच, खोल दऱ्या, जागतिक वारशाच्या यादीत 1978 सालीच आलेला मुलूख. पण तिथं जायला तरंगविमान लागतं आणि दऱ्यांतलं पाणी सरावलेल्या हातांचं आहे. आमचे हात अजून तसे नाहीत. नहानी बाजूला ठेवली.

युकॉनवर व्हाइटहॉर्स शहराहून निघालं तर वाटेत लेबार्ज तळं आडवं येतं, सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचं आणि वाऱ्यासाठी बदनाम. पाणी इतकं गार, की नाव उलटली तर काही मिनिटांत बोटांची पकड जाते. बेचाळीस अंशांत वाढलेल्या आपल्या माणसांना हे सांगून खरं वाटत नाही. थंड पाण्यात पडून परत नावेत चढायचा सराव केल्याशिवाय कुणीही जाऊ नये.

[दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. बोट टेस्लिनच्या रेषेवरून फिरतं.]

म्हणून आम्ही युकॉनला मिळणारी टेस्लिन नदी निवडली. अलास्का महामार्गावरच्या जॉन्सन्स क्रॉसिंगला नाव पाण्यात टाकायची आणि टेस्लिनवरून हूटालिंक्वाला युकॉनमध्ये उतरायचं. तोवर लेबार्ज मागंच राहिलेलं असतं. वाटेत मोठे खळाळ नाहीत. हूटालिंक्वाच्या थोडं खाली एका बेटावर एव्हलिन नावाची वाफेची जुनी बोट अजून उभी आहे, सोनं शोधणाऱ्यांच्या मागून आलेल्या काळातली. तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

मात्र हीच नदी बाहेर पडायच्या बाबतीत कडक आहे. जॉन्सन्स क्रॉसिंग सोडलं की हातचा रस्ता येतो तो थेट लिटल सॅमनला, युकॉनकाठच्या कारमॅक्स गावाच्या थोडं अलीकडे. मध्ये कुणाचा पाय मुरगळला तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणि आपले सोबती, एवढाच आधार. अस्वलांचा मुलूख आहे, तेव्हा शिधा तंबूत ठेवायचा नाही. तळ्यांवरचा बर्फ जूनच्या सुरुवातीपर्यंतही टिकतो, म्हणून जूनचा मध्य उलटल्यावरच निघायचं.

नाव व्हाइटहॉर्सला भाड्यानं मिळते आणि कारमॅक्सला परत देता येते. पुढं जायचं तर फाइव्ह फिंगर रॅपिड्स नावाचे खळाळ आहेत. तिथं खडकांमधून पाण्याच्या वाटा फुटतात, त्यातली उजवीकडची धरायची. त्यानंतर मिंटोला पुन्हा रस्ता भेटतो, आणि मग डॉसनपर्यंत लांबचा पल्ला. पुढं जायचं की नाही, हे आम्ही सोलापुरात बसून ठरवणार नाही. कारमॅक्सच्या काठावर गटातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाला आधी विचारू, आणि तो म्हणेल तसं करू.