बदामीच्या भिंतीतली नदी

[दृश्य: अगस्त्य तलाव, मागे लाल कडा]

बनशंकरीचं दर्शन आटोपलं की आपली मंडळी बदामीला येतात. अठरा हातांच्या नटराजासमोर फोटो होतात आणि पुढचं लेणं गाठायची घाई सुरू होते. आज त्या नटराजाची माफी मागून आपण शेजारच्या दगडाकडे बघू.

[क्लोज-अप: भिंतीवरच्या तिरप्या रेघा]

या तिरक्या रेघा छिन्नीच्या नाहीत. त्या वाहत्या पाण्याच्या आहेत. नदीच्या तळाशी वाळूचे उंचवटे सरकत असतात. पाणी कणाला चढावरून ढकलतं, माथा आला की कण पलीकडे घरंगळतो. त्यावर दुसरा, तिसरा. रेघ ज्या अंगाला खाली उतरते, त्या अंगाला पाणी चाललं होतं.

हे घडलं पाऊण ते एक अब्ज वर्षांपूर्वी. जमिनीवर तेव्हा गवताची काडीही नव्हती. मुळंच नाहीत, तर काठ धरून ठेवणार कोण? नद्या फाटायच्या, पसरायच्या, वाळूचे पट्टेच्या पट्टे टाकत जायच्या. त्याच वाळूचा पुढे हा दगड झाला. कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप चढला, तोच हा गेरूसारखा रंग.

आपले डोळे सह्याद्रीच्या काळ्या दगडाला सरावलेले. तो लाव्हाचा, वय साधारण 6.6 कोटी वर्षं. या वाळूपुढे कालचं पोर!

[दृश्य: कड्यातले आडवे थर]

1876 साली रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा मुलखाच्या भूविज्ञानावरचा ग्रंथ आला. इथल्या खडकांना जवळच्या कलादगी गावाचं नाव आहे. सिंधुदुर्गात, कोल्हापुरातही हे खडक काळ्या दगडाखालून डोकावतात. या कलादगी खडकांतले जुने थर वळ्या पडून कललेले, आणि त्यांच्यावर बदामीचे थर पाटासारखे आडवे. दोहोंच्या मधल्या काळाची वहीच इथे फाटली आहे. खालचे थर दुमडले, उघडे पडले, झिजले, आणि मग कुठे ही वाळू येऊन बसली.

[दृश्य: तिसरं लेणं]

इथला शिलालेख 578 सालचा, चालुक्यांच्या काळातला. कारागिरांनी खांब कोरले, पण दगडातले फिके-गडद पट्टे त्यांना न जुमानता नक्षीतून आरपार गेलेत. ओसरीतल्या दगडाला बोट लावलं तर खरखरीत लागतं.

[दृश्य: पावसाळा, कड्यावरून ओघळणारं तांबूस पाणी]

त्यातलेच काही कण सुटून मलप्रभा नदीच्या वाटेला लागतात.