मोठीला महिना, धाकटीला दहा दिवस

श्रोतेहो, नमस्कार. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीजं वाढवायला इंजेक्शनं देतात, त्याच्या पद्धतींबद्दल आज बोलायचंय. पण आधी अमळनेरकडच्या एका सासूबाईंचं ऐका.

त्यांच्या मोठ्या सुनेचे उपचार काही वर्षांपूर्वी झालेले. धाकटीची वेळ आली, तेव्हा आजी दोघींच्या फायली बियाण्याच्या पिशवीत गुंडाळून थेट माझ्यासमोर. बसायच्या आतच म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, मोठीले महिनाभर सुया टोच्यात, आनि धाकलीले दहाच दिन? पैसा तं तितलाच लेतस ना?"

दाराशी नर्स हसली. मला नाही हसू आलं. प्रश्न रास्तच होता.

मी म्हटलं, आजी, बीजं पिकायच्या आत फुटून गेली तर हाती काही येत नाही. मोठीला आधीच्या पाळीच्या 21व्या दिवसापासूनच मेंदूकडून येणारा हुकूम बंद पाडणारी सुई दिली, आणि पाळी आल्यावर बीजं वाढवायची. धाकटीला पाळीच्या दुसऱ्या दिवशी थेट वाढवायची सुई, आणि पाच-सहा दिवसांनी फुटणं रोखणारी दुसरी.

आजी क्षणभर गप्प. मग म्हणतात कशा, "म्हंजे मोठीना पाट आदूगरच बंद करा, आनि हिना पानी फुटाना टाइमले बांध घाला!" शेतकऱ्याची बाई, तिला काय समजावणार! आणि लगेच पुढचं, "मंग आखाजीले माहेर धाडू ना?" धाडा म्हटलं. तसंही आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके आता मोबाइलच्या फोटोतच उरलेत. निंबाला दोर बांधायलाही कुणाला सवड नाही. असो.

तर पुन्हा सांगते, एक लांब पद्धत, एक आखूड. मूल होण्याचं प्रमाण दोन्हींत साधारण सारखंच. फरक धोक्यात. पीसीओडी, म्हणजे अंडाशयात अर्धवट वाढलेल्या बारीक बीजांची गर्दी असेल, बीजं खूप येणार असतील, तर अंडाशय सुजून पोटात पाणी साचू शकतं. आखूड पद्धतीत हा धोका कमी. बीजांचा साठाच कमी असेल, तर डोस कितीही वाढवला तरी नसलेली बीजं येत नाहीत. तिथे कमी औषधाची सौम्य पद्धतही चालते. आणि हो, नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय सुनेला सुया टोचायला आणूच नका, हे मी दर वेळी सांगते, आजही सांगते.

बीजं पक्व करणारी शेवटची सुई मात्र दिलेल्या वेळीच, मग रात्रीचे साडेदहा असोत की घरात हळद लागलेली असो. बीजं काढायची वेळ त्यावरून साधारण 34 ते 36 तासांनी ठरते. इंजेक्शनं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. गोठलं की वाया. आणि नंतर पोट फुगलं, वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात फोन करा.